‘आम्ही’चा उच्चार : मराठी ख्रिस्ती उपासनेतील सामुदायिक पापांगीकार

१

ख्रिस्ती उपासनावर्षात पुनरुत्थानाच्या सणापूर्वी चाळीस दिवसांचा एक काळ येतो. मराठी कॅथलिक समाज त्याला उपवासकाळ अथवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत इंग्रजीवरून आलेला ‘लेंत’ हा शब्द रुळला आहे. गोव्यात पोर्तुगीज वाटेने आलेला ‘कोरेज्म’ हा शब्द ऐकू येतो. राखेच्या बुधवारी या काळाचा आरंभ होतो आणि मधले रविवार वगळले म्हणजे दिवसांची संख्या चाळीस भरते. एकाच काळाला तीन नावे असावीत, यातच मराठी मुलखात ख्रिस्ती धर्म किती वेगवेगळ्या वाटांनी आला त्याचा इतिहास साठवलेला आहे. उपवास, दानधर्म आणि प्रार्थना ही या काळाची तीन अंगे असली, तरी त्याचा गाभा पापाची कबुली हाच होय. ही कबुली दोन प्रकारांनी दिली जाते. एकट्याने धर्मगुरूपाशी जाऊन दिलेली कबुली हा एक प्रकार, आणि सर्व मंडळीने एकत्र जमून एका स्वराने दिलेली कबुली हा दुसरा. या दुसऱ्या प्रकाराला मराठी मंडळ्यांत ‘पापांगीकार’ हा शब्द आहे. मराठी भाषेत आणि मराठी समाजात या सामुदायिक पापांगीकाराला कोणता अर्थ प्राप्त झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी एका व्याकरणविषयक गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ज्या ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी भाषांतून ख्रिस्ती प्रार्थना आपल्याकडे आल्या, त्यांत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. मराठीत ते दोन आहेत. ‘आपण’ म्हणताना ऐकणाऱ्याला आपल्यात घेतले जाते. ‘आम्ही’ म्हणताना त्याला बाहेर ठेवले जाते. म्हणून उपदेशक मंडळीला उद्देशून बोलतो तेव्हा ‘आपण पापी आहोत’ असे म्हणतो. तीच मंडळी देवापुढे गुडघे टेकते तेव्हा तिला ‘आम्ही’ असेच म्हणावे लागते. ज्याच्यापुढे कबुली द्यावयाची तो कबुली देणाऱ्यांत नाही, हे सत्य मूळ भाषांना शब्दांनी स्पष्ट करावे लागते. मराठीत ते सर्वनामच सांगून जाते. परंतु ‘आम्ही’ हा शब्द उच्चारताच एक रेघ ओढली जाते, आणि त्या रेघेच्या आत नेमके कोण, हा प्रश्न उभा राहतो. ज्याच्यावर पाप लादले गेले तो आणि ज्याने ते केले तो, हे दोघे एकाच ‘आम्ही’त सामावले जाऊ शकतात काय? मराठी ख्रिस्ती उपासनेच्या चारशे वर्षांच्या वाटचालीकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले, तर काही महत्त्वाच्या गोष्टी हाती लागतात.

२

ख्रिस्ती धर्मप्रसारक येथे आले तेव्हा पापाच्या विचाराला येथे शब्दसंपत्तीची उणीव नव्हती. किंबहुना ती विपुलच होती. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचे प्रकरण अत्यंत विस्तृत आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताध्याय म्हणूनच ओळखला जातो, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) लिहिताना पातक आणि प्रायश्चित्त यांच्या विवेचनाला त्यात मोठी जागा दिली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात विहित कर्म न करणे आणि निषिद्ध कर्म करणे, या दोहोंना प्रायश्चित्ताचे निमित्त मानले आहे. त्याच अध्यायात पापापासून सुटण्याच्या उपायांत तप, अध्ययन आणि दान यांच्या जोडीला ‘ख्यापन’ आणि ‘अनुताप’ यांचाही निर्देश येतो. ख्यापन म्हणजे आपले पाप लोकांपुढे उघड सांगणे. पापी मनुष्याने विद्वानांच्या परिषदेसमोर जावे, पाप सांगावे आणि परिषदेने प्रायश्चित्त ठरवून द्यावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात समाज हजर आहे, परंतु तो न्यायाधीशाच्या आसनावर आहे. पाप एकट्याचे असते आणि निर्णय समूहाचा असतो.

समूहाने एकत्र बसून पापाचा उच्चार करण्याची उदाहरणेही येथे होती. श्रावणीच्या विधीतील दीर्घ संकल्पात ज्ञाताज्ञात पापांची यादी येते आणि अनेकजण ती एकत्र म्हणतात. जैन समाजात पर्युषणाच्या अखेरीस सांवत्सरिक प्रतिक्रमण होते आणि त्यानंतर प्रत्येकजण दुसऱ्याची क्षमा मागतो. बौद्ध भिक्षुसंघात उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होताना दोषाची कबुली देण्याची प्राचीन शिस्त होती. भक्तिपरंपरेने तर अनुताप हा शब्द सर्वसामान्यांच्या मुखी आणून बसवला. वारकरी संतांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत पतितपणाची कबुली हा एक स्थायी भाव आहे. तेथे परिषदही नाही आणि प्रायश्चित्ताचे दरपत्रकही नाही. भक्त आणि विठ्ठल यांच्यामध्ये कोणी तिसरा नाही. मात्र या अभंगांतील कर्ता बहुधा एकवचनी असतो. दिंडीत हजारो माणसे एकाच वेळी गातात, पण गातात ‘मी’.

तेव्हा ख्रिस्ती उपासनेने येथे आणलेली नवी गोष्ट पापाची कल्पना नव्हे, कबुलीही नव्हे. संपूर्ण मंडळीने, तिच्या धर्मगुरूसह, एक कर्ता होऊन देवासमोर दोषी म्हणून उभे राहणे, ही ती नवी गोष्ट होय. तिचे मूळ जुन्या करारात आहे. एज्रा, नहेम्या आणि दानिएल या ग्रंथांच्या नवव्या अध्यायांतील तिन्ही प्रदीर्घ प्रार्थना ‘आम्ही आणि आमचे पूर्वज’ या भूमिकेतून केलेल्या आहेत. प्रार्थना करणारा स्वतः प्रत्यक्ष अपराधी असो वा नसो, तो स्वतःला समाजाच्या दोषातून वगळत नाही.

३

युरोपात या कल्पनेला जे वळण लागले ते समजून घेतल्याखेरीज गोव्याचा इतिहास नीट उमगणार नाही. पहिल्या काही शतकांत गंभीर पातक करणाऱ्यांना मंडळीपासून वेगळे काढले जाई. उपवासकाळाच्या आरंभी त्यांच्यावर राख पडे, गोणपाटाची वस्त्रे त्यांना ल्यावी लागत, आणि पवित्र गुरुवारी त्यांना पुन्हा मंडळीत घेतले जाई. इ. स. ३२५च्या निकीया येथील परिषदेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या या काळाचा उल्लेख आहे. पुढे ही कठोर शिस्त मागे पडली, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस राख सर्वांनीच घ्यावी असा दंडक रूढ झाला. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. पूर्वी राख ही ‘त्यां’ची खूण होती, आता ती ‘आम्हां’ सर्वांची झाली. परंतु १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपाशी खासगी कबुली द्यावी, असा नियम केला. परिणामी राख सर्वांची झाली तरी कबुली एकेकट्याची झाली.

पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला तो हा उपवासकाळ. कोकणीत त्याने दोन शब्द मागे ठेवले, आणि ते दोन वेगवेगळ्या भाषांतून आले आहेत. कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात, तो पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश; आणि धर्मगुरूने सांगितलेल्या परिमार्जनाला ‘प्राचीत’ म्हणतात, ते प्रायश्चित्ताचे तद्भव रूप. धर्मगुरूच्या कानात पाप सांगण्याचा विधी लोकांना परका वाटला म्हणून शब्दही परका राहिला. पापाची फेड करण्याची कल्पना ओळखीची होती म्हणून तिला घरचाच शब्द मिळाला, असे अनुमान करता येईल.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ख्रिस्ती कथा पुराणश्रवणाच्या चौकटीत आणून बसवली. एत्येन द ला क्रुआ यांनी त्याच शतकात संत पीटरच्या चरित्रावर प्रचंड ओवीबद्ध ग्रंथ रचला, आणि फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या यातना व मृत्यू यांवरील पुराण १६५९मध्ये लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांची आहे. पीटरने गुरूला नाकारणे आणि नंतर ओक्साबोक्शी रडणे, तसेच ख्रिस्ताचे यातनासहन, हे विषय उपवासकाळाच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी असतात. या रचनांमुळे पश्चात्ताप ही गोष्ट समूहाने ऐकावयाची कथा झाली. श्रोतृवर्ग एकत्र रडू शकत होता. मात्र त्या श्रवणाचा कळस एकेकट्याच्या कुमसारातच व्हावयाचा होता.

सामुदायिक पश्चात्तापाचे दृश्य रूप गोव्यात मिरवणुकीत दिसते. थोरल्या गोव्याला उपवासकाळाच्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. तिचे मूळ प्रायश्चित्तपर आहे. परंतु सार्वजनिक प्रायश्चित्ताचे आणखी एक, भयावह रूप याच भूमीने पाहिले. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड सोडता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन होते. त्याच्या ‘आउतो-द-फे’च्या मिरवणुकीत दोषी ठरवलेल्यांना विशिष्ट झगा घालून, हाती मेणबत्ती देऊन लोकांसमोरून चालवीत. १२ जानेवारी १६७६च्या अशा मिरवणुकीत चालावे लागलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याने १६८७मध्ये आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि युरोपला ते न्यायासन कळले. राख सर्वांच्या कपाळी आली त्यामागील आशय येथे पूर्णपणे उलटा झाला. रस्त्याच्या कडेला उभा असलेला समाज निर्दोष होता आणि रस्त्यावरून चालणारे पापी होते. समूहाच्या उपस्थितीत झालेला पापांगीकार सामुदायिक असतोच असे नाही, हे सांगण्यास याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

४

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात प्रॉटेस्टंट मिशने आली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबईस उतरले आणि १८३१पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. त्यांच्या मंडळ्यांत प्रार्थना उत्स्फूर्त असे; ठरीव शब्दांचे बंधन नसे. इंग्लंडच्या चर्चशी संबंधित मिशनांनी मात्र आपले प्रार्थनापुस्तक मराठीत आणले, आणि त्याबरोबर सामुदायिक पापांगीकाराचे ठरीव शब्द मराठी मंडळीच्या तोंडी आले. धर्मसुधारणेच्या काळात, १५५२मध्ये, हा ‘सामान्य पापांगीकार’ इंग्रजी प्रार्थनापुस्तकात दाखल झाला. सर्व मंडळीने गुडघे टेकून, उपासना चालवणाऱ्यामागोमाग तो म्हणावयाचा असतो. त्यात करावयाचे राहून गेले त्याचा उल्लेख आधी आणि करू नये ते केले त्याचा उल्लेख नंतर येतो. मनुस्मृतीतील क्रमाशी असलेले हे साम्य योगायोगाचे असले, तरी मराठी वाचकाच्या नजरेतून सुटण्यासारखे नाही.

त्याच प्रार्थनापुस्तकात राखेच्या बुधवारसाठी एक स्वतंत्र विधी आहे. प्राचीन चर्चमधील सार्वजनिक प्रायश्चित्ताची शिस्त लोपल्याबद्दल त्याच्या प्रास्ताविकात खंत व्यक्त केली आहे, आणि ती शिस्त परत येईपर्यंत पर्याय म्हणून अनुवादाच्या २७व्या अध्यायावर आधारलेले शाप वाचावयाचे व मंडळीने प्रत्येक शापाला ‘आमेन’ म्हणावयाचे, अशी योजना आहे. या शापांत शेजाऱ्याच्या जमिनीची खूण सरकवणारा आहे, तसेच परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय विपरीत करणाराही आहे. बांध कोरणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. १८७६–७८च्या दुष्काळानंतर जे गटागटाने ख्रिस्ती झाले त्यांच्यात भूमिहीनांचा, गावकुसाबाहेरच्यांचा भरणा मोठा होता. अशा मंडळीने या शापाला ‘आमेन’ म्हणावे, यात एक विलक्षण ताण आहे. शाप ज्याला लागू पडतो तो बहुधा त्या चर्चच्या बाहेर होता.

भाषांतरकारांनी या काळात शब्दांची जी वाटणी केली, ती वैचारिक इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ग्रीक ‘मेतानोइया’ या शब्दासाठी मराठी पवित्र शास्त्रात ‘पश्चात्ताप’ हा शब्द स्थिरावला. मूळ शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे; त्याची दृष्टी पुढे आहे. पश्चात्तापाची दृष्टी मागे आहे. झाल्या कृत्यानंतर होणारा दाह तो सांगतो. त्यामुळे मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला मूळच्यापेक्षा अधिक हळहळीचा स्वर लाभला. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मात्र प्रॉटेस्टंट भाषांतरांत माणसाकडून काढून घेण्यात आला. तो जुन्या करारातील यज्ञबलीला आणि नव्या करारात ख्रिस्ताला लावला गेला. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी मनुष्य करतो. या नव्या मराठीत ते ख्रिस्ताने केलेले असते आणि पापी मनुष्याकडे केवळ पश्चात्ताप उरतो. कॅथलिक परिभाषेत दोन्ही शब्द माणसाकडे राहिले, म्हणूनच तेथे ‘प्रायश्चित्तकाळ’ हे नाव शक्य झाले. एका शब्दाच्या मालकीत धर्मसुधारणेचा सारा वाद अशा रीतीने मराठीत उतरला.

५

हा वाद पुस्तकात न राहता पुण्याच्या रस्त्यावर आला तो १८९०मध्ये. पंचहौद मिशन हे इंग्लंडच्या चर्चमधील कॅथलिक प्रवृत्तीच्या संघांनी चालवलेले ठाणे होते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नहेम्या गोऱ्हे, यांचा या मिशनशी निकटचा संबंध होता. सामुदायिक कबुलीच्या प्रार्थनेशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्याच बायबलमधील व्यक्तीचे नाव त्यांनी १८४८मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी धारण केले होते. येथील पवित्र नाम मंदिर १८८५मध्ये उभे राहिले. या मिशनमध्ये ऑक्टोबर १८९०मध्ये एका व्याख्यानाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. आमंत्रणामागे असलेल्या गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांची नावे त्या यादीत होती. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२मध्ये, मित्रांच्या अडचणीचा विचार करून, प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत (१९१०) या प्रसंगाने घरात निर्माण झालेली व्यथा नोंदवली आहे.

या प्रकरणाची चर्चा सामान्यतः सुधारक आणि सनातनी यांच्या वादाच्या अंगाने होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील विरोध वेगळाच आहे. मिशनच्या मंदिरात दर उपवासकाळी मंडळी पश्चात्ताप उच्चारीत होती आणि स्वतःच्या प्रायश्चित्ताचा दावा करीत नव्हती; मंदिराबाहेरच्या शहरात पश्चात्तापाची विचारपूस न करता प्रायश्चित्त मागितले जात होते. रानड्यांना आपण पाप केले असे वाटत नव्हते. त्यांनी विधी स्वीकारला तो समाजापासून न तुटण्यासाठी. शहराने यादी केली, निवाडा केला, दक्षिणा ठरवली; परंतु ज्या व्यवस्थेत चहाचा पेला पाप ठरतो, त्या व्यवस्थेबद्दल ‘आम्ही चुकलो’ असे कोणी म्हटले नाही.

गोऱ्हे यांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या पंडिता रमाबाई यांनी १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु ठरीव उपासनेच्या आणि चर्चच्या अधिकाराच्या चौकटीत त्या रमल्या नाहीत. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५मध्ये जे घडले त्याला उपवासकाळाचे निमित्त नव्हते. ते जूनच्या अखेरीस घडले. तरीही सामुदायिक पापांगीकाराच्या मराठी इतिहासातील तो सर्वांत प्रखर प्रसंग आहे. वेल्समधील १९०४च्या आणि खासी टेकड्यांतील त्यापुढच्या जागृतीच्या वार्ता आल्या होत्या. रमाबाईंनी वर्षारंभापासून प्रार्थनेसाठी स्त्रियांचे मंडळ जमवले होते, आणि ते वाढत गेले होते. जूनच्या अखेरच्या दिवसांत मुली एकाच वेळी मोठ्याने रडू लागल्या, आपापली पापे सांगू लागल्या. छापील शब्द नव्हते, पुढे म्हणणारा धर्मगुरू नव्हता. प्रत्येक मुलगी ‘मी’ म्हणत होती आणि तरीही ती एका समूहाची कबुली होती.

या मुली कोण होत्या, हे विसरता कामा नये. त्यांत बालविधवा होत्या. १८९६–९७ आणि १९००च्या दुष्काळांतून आणलेल्या अनाथ मुली होत्या. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ, असे समाज त्यांना सांगत आला होता. रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१८८७) या समजुतीची निर्भीड चिकित्सा केली होती. ज्या मुलीवर नवऱ्याच्या मृत्यूचे पाप लहानपणीच लादले गेले, तिला पापाची कबुली द्यावयास सांगणे हे वरवर पाहता क्रौर्य वाटेल. परंतु तेथे सर्वच कबुली देत होत्या. आजवर एकटीवर ठेवलेला आरोप आता सर्वांच्या स्थितीचे वर्णन झाला होता. जन्मापूर्वीचे, न आठवणारे पाप निघून गेले आणि त्या जागी आठवणारे, सांगता येणारे, म्हणूनच क्षमा होऊ शकणारे दोष आले. ज्याच्यावर पाप लादले गेले आहे त्याला सामुदायिक कबुली मोकळे करू शकते, हे मुक्तीच्या प्रसंगाचे सार होय.

६

मराठी ख्रिस्ती गीतांनी मात्र बहुधा ‘मी’चीच वाट धरली. कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पिढ्यांनी कीर्तन, भजन, अभंग हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला आणि १९१९मध्ये ते निवर्तले. या काळात त्यांनी ख्रिस्तभक्तीला वारकरी वळणाची भाषा मिळवून दिली. या गीतांतील पश्चात्ताप हृद्य आहे, आणि तो एकट्या भक्ताचा आहे. त्यामुळे मराठी उपासनेत एक प्रकारची वाटणी झाली. गद्य प्रार्थनेत ‘आम्ही’ राहिला, गीतात ‘मी’ रमला. गीत पाठ राहते, गद्य पुस्तकात राहते. म्हणून घरी, शेतात, प्रवासात मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर आला तो बहुतांशी वैयक्तिक अनुताप.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक न राहता बाह्य आणि सामाजिकही असावे असे स्पष्ट केले. लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि वसईपासून मराठवाड्यापर्यंत कॅथलिक मंडळ्या मराठीत उपासना करू लागल्या. १९७०च्या नव्या उपासनाग्रंथात मिस्साच्या आरंभीच्या कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यलोपाच्या पापाची भर पडली. ही कबुली सर्वजण एकत्र म्हणतात, पण ‘मी’ म्हणून. आणि ती देवाबरोबर शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींपुढेही दिली जाते. १९७३च्या प्रायश्चित्तविधीत सामुदायिक तयारीला अधिकृत स्थान मिळाले. दुसरीकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्चची स्थापना झाली. ठरीव प्रार्थनेची अँग्लिकन परंपरा आणि अहमदनगरकडची उत्स्फूर्त प्रार्थनेची परंपरा एका छत्राखाली आल्या.

परंतु या ‘आम्ही’च्या आत जात होती. गोव्यातील काही चर्चमध्ये कॉन्फ्रारियांचे मानपान आणि सणविधींतील अधिकार जातीनुसार ठरलेले होते. ज्या वेदीपुढे सर्वांनी सारखी राख घ्यावयाची, तिच्याच भोवती उच्चनीचतेची रांग लागत असे. महाराष्ट्रात धर्मांतराने गावकुसाबाहेरच्या माणसाला शाळा आणि स्वाभिमान दिला, तरी लग्नाच्या आणि पंक्तीच्या वेळी पूर्वीची जात आठवत राहिली. दर रविवारी ‘आम्ही पाप केले’ असे म्हणताना या पापाचे नाव उच्चारले जात नव्हते. हीच सामुदायिक कबुलीची दुसरी बाजू होय. पाप सर्वांचे म्हटले की ते कोणाचेच राहत नाही. अन्याय करणारा आणि सोसणारा एकाच अनेकवचनात झाकले जातात. मुक्ती सदनात ज्या सर्वनामाने आरोपितांना मोकळे केले, तेच सर्वनाम येथे अपराध्याला आडोसा देते.

मराठी मुलखातून आलेले ईश्वरविद्येचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी १९८१मध्ये बंगळूर परिसरात दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येच्या विचाराला चालना दिली. पुढे त्यांनी अनुवादाच्या २६व्या अध्यायातील इस्राएलच्या प्राचीन निवेदनाचा आधार घेतला. ‘आमचा पूर्वज भटका होता, आम्हांला दास केले गेले’ या आशयाचे ते निवेदन आहे. मराठीत पापाच्या कबुलीला पापांगीकार आणि श्रद्धेच्या कबुलीला मतांगीकार म्हणतात. दोहोंत ‘अंगीकार’ समान आहे. निर्मळांनी केले ते असे, की आपण काय केले हे सांगण्याआधी आपण कोण आहोत आणि आपले काय केले गेले, याचा अंगीकार दलितांनी करावा. शापांचा २७वा अध्याय बायबलमध्ये त्यानंतर येतो, हा क्रम येथे अर्थपूर्ण ठरतो. सोसणाऱ्याचा ‘आम्ही’ आधी उभा राहिला, तरच करणाऱ्याच्या ‘आम्ही’ला आपल्या पापाचे नाव घ्यावे लागते.

ही गरज केवळ ख्रिस्ती समाजाची नाही. साने गुरुजींनी मे १९४७मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा त्यांचा स्वतःचा वैयक्तिक अपराध कोणता होता? त्यांनी सवर्ण समाजाचे पाप आपले म्हणून उचलले. एज्रा आणि नहेम्या यांच्या प्रार्थनेत जी भूमिका आहे, तीच येथे वारकरी भूमीत वेगळ्या धर्माच्या माणसाने घेतली. त्या उपोषणाला फळ आले, कारण पापाला नाव होते आणि दार कोणाचे उघडावयाचे हे ठरलेले होते.

७

१२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या पुत्रकन्यांनी शतकानुशतके केलेल्या पापांची जाहीर कबुली दिली. सत्याच्या नावाने केलेली असहिष्णुता, यहुदी लोकांवरील अन्याय, इतर संस्कृती व धर्म यांचा अनादर, स्त्रियांची अवहेलना अशी पापे वेगवेगळी घेऊन त्यांसाठी क्षमा मागण्यात आली. ज्या गोव्याने इन्क्विझिशनचे झगे पाहिले, त्या गोव्याच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तेव्हा रस्त्यावरून ‘ते’ चालले होते. आता चालविणाऱ्यांच्या वारसांनी गुडघे टेकले. डिसेंबर २०१६मध्ये भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण दिल्लीत प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद अस्तित्वात असल्याचे त्यात मान्य केले. धोरणाने भेद संपत नाहीत. तथापि निनावी पापाला नाव मिळाले, हेही कमी नव्हे.

या सर्व इतिहासाचा मथितार्थ असा की सामुदायिक पापांगीकाराची कसोटी त्याच्या सर्वनामात नसून त्या सर्वनामाला जोडल्या जाणाऱ्या नामात आहे. धर्मशास्त्राने ख्यापन म्हटले ते हेच : पाप उघड, नाव घेऊन सांगणे. एकट्या पाप्याकडून ख्यापन मागणारा समाज स्वतः परिषद होऊन बसतो. अनुतापाने विरघळलेला भक्त देवापाशी एकटाच जातो. आणि नाव न घेता ‘आम्ही’ म्हणणारी मंडळी सहज सुटते. या तिन्ही उणिवा भरून काढण्याचे सामर्थ्य उपवासकाळातील सामुदायिक प्रार्थनेत आहे, परंतु त्यासाठी मंडळीने आपल्या गावातील, आपल्या पंक्तीतील, आपल्या बांधावरील पाप त्या प्रार्थनेत आणावे लागते. मराठी साहित्याच्या अभ्यासकानेही या प्रार्थनागद्याकडे धार्मिक छापील मजकूर म्हणून दुर्लक्ष करू नये. मराठीत सामूहिक जबाबदारीचा उच्चार करणारे गद्य फार थोडे आहे. त्यातील एक सलग प्रवाह या प्रार्थनापुस्तकांतून वाहत आला आहे, आणि ‘आम्ही’ हा शब्द किती अवघड आहे याची जाणीव आपल्याला तेथे होते.